माती उपाशी, तर पीक कसे तुपाशी?

खरिपाची तयारी सुरू झाली की गावोगावी दोनच विषय असतात. पाऊस कधी येणार आणि खत वेळेवर मिळणार का? कृषी सेवा केंद्रापुढे उभा असलेला शेतकरी युरियाच्या गोणीची चिंता करतो, तर शहरात गच्चीवर बाग फुलवणारा नर्सरीतून ‘वाढीचे टॉनिक’ घेऊन येतो. दोघांची तक्रार मात्र सारखीच असते. पूर्वी एवढ्या खतात जे पीक यायचे, ते आता येत नाही. खताचा डोस वाढवला, तरी झाड जोम धरत नाही.

या तक्रारीचे उत्तर अनेकदा गोणीत नसते, ते माती परीक्षणाच्या अहवालातल्या एका ओळीत असते. ती ओळ म्हणजे ‘सेंद्रिय कर्ब’. नत्र, स्फुरद, पालाश यांचे आकडे आपण वाचतो, त्यानुसार खत आणतो आणि ही ओळ सोडून देतो. आपल्याकडच्या प्रचलित वर्गवारीनुसार सेंद्रिय कर्ब ०.५० टक्क्यांहून कमी असेल तर तो ‘कमी’, ०.५० ते ०.७५ टक्के असेल तर ‘मध्यम’ आणि त्यापुढे ‘जास्त’ समजतात. महाराष्ट्राच्या कोरडवाहू पट्ट्यातील कितीतरी जमिनी पहिल्याच पायरीवर अडकलेल्या आहेत. या जमिनींना खत मिळते, पण जेवण मिळत नाही.

निम्मी माती म्हणजे पोकळी

माती म्हणजे दगडाचा भुगा, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात चांगल्या मातीचा आकारमानाने जवळपास निम्मा भाग पोकळीचा असतो. त्या पोकळीत साधारण निम्मे पाणी आणि निम्मी हवा असली, की मुळे सुखाने वाढतात. आपल्या शेतकऱ्यांनी या अवस्थेला फार नेमका शब्द दिला आहे : वापसा. पाणी आणि हवा दोन्ही एकाच वेळी मुळांना मिळणे, हे वापशाचे शास्त्र. उरलेल्या निम्म्या भागात सुमारे ४५ टक्के खनिज कण आणि फार तर ५ टक्के सेंद्रिय पदार्थ असतात. आपल्या उष्ण हवामानात तर ते बहुधा १-२ टक्क्यांच्या आतच असतात.

हा एवढासा भाग साऱ्या मातीचा कारभार चालवतो. चमचाभर सकस मातीत अब्जावधी जिवाणू असतात. शिवाय बुरशीचे धागे, सूक्ष्म कृमी आणि गांडुळे असतातच. पालापाचोळा, शेण, मेलेली मुळे हे त्यांचे अन्न. ते खाताना जिवाणू चिकट द्रव्ये सोडतात आणि बुरशीचे धागे मातीचे कण एकमेकांना बांधतात. त्यातून माती रवाळ होते. रव्यांच्या मधल्या मोठ्या पोकळीतून जादा पाणी निघून जाते व हवा शिरते, तर रव्यांच्या आतल्या बारीक पोकळीत पाणी धरून ठेवले जाते. म्हणजे वापसा घडवणारे गवंडी हे जीवच आहेत.

सेंद्रिय पदार्थांचे दुसरे काम साठवणीचे. कुजून तयार झालेल्या गडद रंगाच्या पदार्थावर, म्हणजे ह्युमसवर, ऋणभार असतो. त्यामुळे कॅल्शियम, पालाश, अमोनियम यांसारखी अन्नद्रव्ये त्याला धरून राहतात आणि पावसाने सहज वाहून जात नाहीत. ही साठवण नसेल तर टाकलेल्या युरियातील बराच नत्र हवेत उडतो किंवा पाण्याबरोबर मुळांच्या खाली निघून जातो. खताचा खर्च वाढतो आणि पिकाला मिळणारा वाटा घटतो, त्यामागचे एक मोठे कारण हे आहे.

पहिल्या पावसानंतर येणारा मृद्गंध हाही या जीवसृष्टीचाच पुरावा आहे. स्ट्रेप्टोमायसिस गटातील सूक्ष्मजीव ‘जिओस्मिन’ नावाचे द्रव्य तयार करतात, त्याचा तो वास. याच गटातील एका जिवाणूपासून १९४३ मध्ये सेलमन वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत स्ट्रेप्टोमायसिन सापडले आणि क्षयरोगावर परिणामकारक ठरणारे पहिले प्रतिजैविक माणसाच्या हाती आले.

काळी म्हणजे कसदार?

दख्खनच्या पठारावर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर पसरले. त्या बेसॉल्ट खडकाची झीज होऊन आपली काळी माती तयार झाली. तिच्यातील चिकणमातीचे खनिज पाणी प्यायले की फुगते आणि वाळले की आकसते. म्हणून उन्हाळ्यात जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. ही माती पाणी खूप धरते. कॅल्शियम, मॅग्नेशियम, पालाश यांचा तिच्यात चांगला साठा असतो. यामुळे तिची ‘कसदार’ म्हणून ख्याती झाली. पण काळा रंग म्हणजे भरपूर सेंद्रिय कर्ब, हा समज चुकीचा आहे. थोडासा ह्युमस चिकणमातीशी घट्ट जोडला गेला तरी माती काळी दिसते. रंग काळाभोर आणि कर्ब ०.४ टक्के, असे चित्र सर्रास आढळते.

शिवाय काळ्या जमिनीत बहुधा चुनखडी असते आणि सामू साडेसात ते साडेआठच्या आसपास असतो. अशा जमिनीत लोह, जस्त आणि स्फुरद असूनही पिकाला घेता येत नाहीत. भुईमूग, ऊस किंवा संत्र्याची कोवळी पाने पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या दिसू लागल्या, तर ते बहुधा लोहाच्या कमतरतेचे लक्षण असते. अशा वेळी युरियाची आणखी एक मात्रा देऊन ते जात नाही.

कोकणात नेमके उलटे. जांभ्याची तांबडी माती आम्लधर्मी असते. धो धो पावसात कॅल्शियम, मॅग्नेशियम धुऊन जातात आणि लोह व ॲल्युमिनियम स्फुरदाला बांधून ठेवतात. तिथे चुना टाकल्याने फायदा होऊ शकतो. तोच चुना मराठवाड्यातील चुनखडीच्या जमिनीत टाकणे म्हणजे पैसे वाया घालवणे. म्हणून शेजाऱ्याला लागू पडलेला उपाय आपल्या मातीला लागू पडेलच, असे नाही. दोन्हीकडे चालणारा उपाय एकच, तो म्हणजे सेंद्रिय पदार्थ परत देणे.

कर्ब जातो कुठे?

मातीतला कर्ब बँकेतल्या खात्यासारखा असतो. पिकाची मुळे, पालापाचोळा, शेणखत ही जमा; सूक्ष्मजीवांनी खाऊन कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने हवेत सोडलेला कर्ब हा खर्च. तापमान दहा अंशांनी वाढले की कुजण्याचा वेग साधारण दुप्पट होतो. त्यामुळे थंड देशांच्या तुलनेत आपल्या खात्यातला खर्च मुळातच जास्त. त्यात आपण तीन गोष्टींची भर घालतो.

पहिली, उघडी जमीन. एप्रिल-मेच्या उन्हात उघड्या मातीचा वरचा थर हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतो. दुसरी, वारंवार नांगरट. नांगराने रवे फुटतात, आत दडलेला कर्ब उघडा पडतो आणि जिवाणू तो झपाट्याने फस्त करतात. तिसरी, काडी लावणे. उसाचेच उदाहरण घेऊ. एक हेक्टर उसाच्या तोडणीनंतर साधारण ८ ते १० टन पाचट मागे राहते. त्यात कर्ब तर असतोच, शिवाय अंदाजे ०.५ टक्का नत्र आणि १ टक्क्याच्या आसपास पालाश असते. काडी लावली की कर्ब, नत्र आणि गंधक धुराबरोबर जातात आणि हाती फक्त राख उरते.

दोष रासायनिक खताचा की उपासमारीचा?

‘रासायनिक खतांनी माती मेली’ हे वाक्य आपण इतके ऐकतो, की ते तपासून पाहायचे राहून जाते. भारतीय कृषी संशोधन परिषदेने १९७० पासून देशात ठिकठिकाणी दीर्घकालीन खत प्रयोग चालवले आहेत. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठातही काळ्या जमिनीत ज्वारी-गहू या पिकांवर असा प्रयोग सुरू आहे. एकाच जमिनीत वर्षानुवर्षे तेच खत देऊन काय होते, हे त्यात पाहतात. अशा प्रयोगांतून पुन्हा पुन्हा दिसलेली गोष्ट अशी : नुसता नत्र देत राहिले तर उत्पादन घसरत जाते. नत्र, स्फुरद, पालाश संतुलित दिले तर पीक टिकते आणि मुळे-धसकटे वाढल्याने कर्बही सावरतो. संतुलित खताला शेणखताची जोड दिली, तर उत्पादन आणि कर्ब दोन्ही सर्वांत चांगले राहतात.

म्हणजे खरा दोष आहे तो असंतुलनाचा आणि मातीला काहीच परत न देण्याचा. एकदम सगळी रासायनिक खते बंद करून कर्ब आपोआप वाढत नाही. पीकच खुरटले तर मुळे कमी, पाला कमी आणि मातीच्या वाट्याला येणारे अन्नही कमी.

थोडा हिशेब मांडू

कर्ब वाढवून देण्याचा दावा करणारी अनेक उत्पादने बाजारात आहेत. ती घेण्याआधी कागद-पेन्सिल घ्यावी. एक एकर जमिनीच्या वरच्या १५ सेंटिमीटर थराचे वजन सुमारे ८ लाख किलो भरते. त्यात कर्ब फक्त ०.१ टक्क्याने वाढवायचा, तर ८०० किलो कर्ब मातीत टिकून राहायला हवा.

आता एक टन शेणखत घ्या. निम्मे वजन पाण्याचे असते. उरलेल्या ५०० किलोंत साधारण १५० किलो कर्ब. त्यातला बहुतेक भाग वर्षभरात जिवाणू खाऊन टाकतात. पाचवा हिस्सा उरला असे धरले, तर ३० किलो. म्हणजे ०.१ टक्का वाढीसाठी २५ टनांहून जास्त शेणखत लागेल. दर वर्षी एकरी ५ टन दिले तरी पाच-सहा वर्षे, आणि तीही आधीचा कर्ब जळू दिला नाही तरच. हा ढोबळ हिशेब आहे, जमिनीगणिक आकडे बदलतील. पण एखादी बाटली किंवा दहा किलोची पिशवी हे काम एका हंगामात करू शकत नाही, एवढे त्यातून नक्की कळते.

जीवामृताचेही तसेच. एकरी २०० लिटर जीवामृतात १० किलो शेण, २ किलो गूळ, २ किलो बेसन आणि गोमूत्र असते. ते पाचट किंवा आच्छादनावर टाकले, तर कुजण्याच्या कामाला हातभार लागू शकतो. पण १४ किलो पदार्थांतून ८०० किलो कर्ब येणार नाही. जिवाणू म्हणजे पाहुणे. त्यांना बोलावले, पण ताटात काही वाढलेच नाही, तर ते थांबणार कसे?

मग करायचे काय?

सर्वांत स्वस्त अन्न शेतातच असते, ते म्हणजे मुळे. जमिनीवर पसरलेल्या पाल्यापेक्षा मुळांतून आलेला कर्ब मातीत जास्त काळ टिकतो, असे अनेक अभ्यासांत दिसले आहे. रायगड जिल्ह्यातील नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांनी भातासाठी रुजवलेली ‘सगुणा राइस तंत्र’ पद्धत याच सूत्रावर उभी आहे. कायमस्वरूपी गादीवाफे करायचे, चिखलणी आणि पुन्हा पुन्हा नांगरट टाळायची, कापणीनंतर मुळे जागेवरच कुजू द्यायची. मुळे कुजली की त्यांच्या जागी पोकळ नळ्या राहतात आणि त्यातून हवा-पाणी खेळते. या पद्धतीत तणांसाठी तणनाशकाचा वापर होतो, याची जाणीव ठेवून निर्णय घ्यावा. पूर्ण विनानांगरणी जमत नसेल, तरी एखादी पाळी कमी करणे प्रत्येकाला शक्य आहे.

ऊस उत्पादकांनी पाचट सरीआड किंवा सर्व सऱ्यांत पसरावे. पाचटात कर्ब खूप आणि नत्र कमी असतो, त्यामुळे ते कुजवताना जिवाणू जमिनीतला नत्र ओढून घेतात आणि खोडवा काही दिवस पिवळा पडतो. हे टाळण्यासाठी प्रतिटन पाचटाला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो कुजवणारे जिवाणू संवर्धक टाकण्याची शिफारस आहे.

ताग किंवा धैंचा साधारण ४५ ते ५० दिवसांनी, फुलोऱ्यावर येताना गाडावा. कोवळे हिरवे पीक लवकर कुजते, त्यामुळे त्यातून टिकाऊ कर्बापेक्षा नत्राचा फायदा जास्त. बांधावर गिरीपुष्प लावले तर त्याचा पाला दर वर्षी मिळतो. तूर, मूग, हरभरा यांची फेरपालट ठेवली की मुळांवरच्या गाठींतील रायझोबियम हवेतला नत्र पकडून देतात. धनगरांची मेंढरे शेतात बसवण्याची जुनी रीतही शास्त्रात पक्की बसते. लेंडी आणि मूत्र दोन्ही जागेवर पडतात, वाहतुकीचा खर्च नाही.

शेणखत मात्र उकिरड्यावरून थेट शेतात नको. नीट न रिजलेल्या खतातून तणांचे बी आणि हुमणी शेतात येते. या बाबतीत आपल्याला वारसाही मोठा आहे. होळकरांच्या इंदुरात अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी शेतातला काडीकचरा, शेण आणि माती थराथराने रचून, वेळोवेळी उलथवून काही महिन्यांत खत करण्याची पद्धत बसवली. १९३१ मध्ये त्यांचे पुस्तक आले आणि ‘इंदूर पद्धत’ जगभर गेली.

तलावातला गाळ हलक्या, मुरमाड जमिनीला उपयोगी ठरतो. भारी काळ्या जमिनीत तो टाकल्यास निचरा आणखी बिघडतो. सांगली-कोल्हापूरच्या नदीकाठी पाटाच्या आणि उपशाच्या अतिरिक्त पाण्याने क्षारपड झालेल्या जमिनींत तर आधी निचरा आणि मगच खत, हा क्रम चुकवून चालत नाही.

मातीची परीक्षा : प्रयोगशाळेत आणि ग्लासात

देशात २०१५ पासून मृदा आरोग्य पत्रिका योजना सुरू आहे. तिच्यात सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, मुख्य आणि सूक्ष्म अन्नद्रव्ये अशा १२ गोष्टी तपासतात. अहवाल मात्र नमुन्याइतकाच खरा असतो. एकरात नागमोडी चालत ८-१० ठिकाणी इंग्रजी ‘व्ही’ आकाराचा खड्डा करून १५ ते २० सेंटिमीटर खोलीपर्यंतची माती घ्यावी. ती एकत्र मिसळून, चार भाग करून समोरासमोरचे दोन भाग टाकत जावे आणि शेवटी अर्धा किलो ठेवावी. बांध, झाडाखालची सावली, खताच्या ढिगाची जागा टाळावी. खत टाकल्यावर लगेच नमुना घेऊ नये.

घरच्या घरी एक सोपी चाचणीही करता येते. शेतातले वाळलेले छोटे ढेकूळ पाण्याच्या ग्लासात अलगद सोडा. काही मिनिटांतच ते विरघळून पाणी गढूळ झाले, तर रवे बांधणारी द्रव्ये कमी आहेत. बराच वेळ आकार टिकला, तर जीव आहे. बांधावरच्या, कधीच न नांगरलेल्या जागेतले ढेकूळ शेजारच्या ग्लासात सोडून फरक पाहा.

गच्चीवरच्या बागेसाठी

कुंडी ही छोटी बंदिस्त जमीन असते. तिच्यात नुसती काळी माती भरली, तर ती दगडासारखी घट्ट होते आणि मुळे गुदमरतात. माती, चांगले कुजलेले कंपोस्ट आणि नारळाच्या काथ्याचा भुसा किंवा वाळलेला पाला असे मिश्रण हवे. काही महिन्यांनी कुंडीतली माती खाली बसलेली दिसते. जिवाणूंनी सेंद्रिय भाग खाल्ल्याची ती खूण. वरून पुन्हा कंपोस्ट घालावे. स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्याला वास येत असेल, तर पाणी जास्त आणि हवा कमी झाली आहे. मूठभर ओल्या कचऱ्याला दोन मुठी सुका पाला, हा अंदाज बहुतेकांना पुरतो. सोसायटीच्या आवारात पाला जाळला जातो आणि त्याच सोसायटीतले लोक पिशव्या भरून खत विकत आणतात, हे थांबवणे तर आपल्याच हातात आहे.

मातीतून ताटापर्यंत

मातीची उपासमार माणसापर्यंत पोहोचते का? काही सूक्ष्म द्रव्यांबाबत याचे उत्तर ‘हो’ असे आहे. फिनलंडच्या मातीत पिकांना मिळू शकणारे सेलेनियम फार कमी. तिथे १९८०च्या दशकाच्या मध्यापासून खतांतच सेलेनियम मिसळले गेले आणि धान्यातून, दुधातून ते लोकांच्या रक्तात वाढलेले दिसले. तुर्कस्तानच्या मध्य भागात जस्तयुक्त खतामुळे गव्हाचे उत्पादन वाढले आणि दाण्यातले जस्तही वाढले. आपल्याकडेही जस्ताची कमतरता व्यापक आहे. तरीही मातीत जस्त टाकले म्हणजे कुपोषण संपले, असे नाही. ताटात डाळ, भाजी, दूध, अंडी यांचा समतोल लागतोच.

मातीत काम करताना थोडी काळजीही हवी. धनुर्वाताचे जिवाणू मातीत आणि शेणात असतात, त्यामुळे जखमेवर पट्टी, हातमोजे आणि वेळेवर लस आवश्यक. अनवाणी काम टाळावे, कारण हूकवर्मच्या अळ्या तळपायाच्या कातडीतून शरीरात शिरतात. कच्चे शेण पालेभाज्या, गाजर, मुळा, कोथिंबिरीला घालू नये. पूर्ण कुजलेलेच खत वापरावे आणि भाजी स्वच्छ धुवावी.

इंग्लंडमधील रॉथम्स्टेड येथे बार्लीच्या एका तुकड्याला १८५२ ते १८७१ अशी वीस वर्षे शेणखत दिले आणि मग बंद केले. शंभरहून अधिक वर्षांनंतरही त्या तुकड्यात, कधीच खत न दिलेल्या शेजारच्या मातीपेक्षा कर्ब जास्त आढळला. आपल्या उन्हात कर्ब इतका टिकणार नाही, पण सूत्र तेच आहे. मातीला दिलेले तिच्याकडे बराच काळ जमा राहते. या खरिपात सुरुवात करायची, तर मोठ्या खर्चाची गरज नाही. पाऊस पडण्याआधी माती तपासून घ्या, अहवालातली कर्बाची ओळ आधी वाचा आणि कापणीनंतर हातातली काडेपेटी खिशातच ठेवा.